जॉन बार्डीन व ट्रान्झिस्टरची जन्मकथा

संगणकाचें जुनें टर्मिनल उघडून पाहण्याचा योग आमच्या वाचकांपैकीं फार थोड्यांना आला असेल. १९७० नंतरच्या दहापंधरा वर्षांत मोठा संगणक एका बंद खोलींत असे. आणि दूर बसलेला मनुष्य ज्या कळफलकावर लिही व ज्या कांचेच्या पडद्यावर उत्तर वाची, त्या पेटीस टर्मिनल म्हणत. अमेरिकेंतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीनें १९७८ सालीं काढलेलें व्हीटी-१०० हें या जातीचें सर्वांत प्रसिद्ध यंत्र होय. आज असलीं यंत्रें कोणी बनवीत नाहीं. तथापि संग्रहालयें व कांहीं हौशी मंडळी तीं जतन करून ठेवतात, आणि त्यांतील एखादें बंद पडलें म्हणजे दुरुस्ती करणाराची खरी परीक्षा सुरू होते.

पेटी उघडावी तों एखादा ट्रान्झिस्टर जळालेला आढळतो. हुबेहूब तसाच दुसरा आणावा म्हटलें तर तो बनविणारा कारखाना कधींच बंद झालेला असतो, किंवा त्याच्या डोक्यावर छापलेला अंक कोणत्याही यादींत सांपडत नाहीं. मग दुकानदार त्याच आकाराचा दुसरा काढून देतो व चालेल म्हणून खात्रीही देतो. कधीं तो खरोखरच चालतो. पण कधीं दोन मिनिटांत धूर निघतो, आणि ज्याची बदली जगांत कोठेंही मिळणार नाहीं असा एखादा ट्रान्सफॉर्मर त्याबरोबर जळून जातो. चार आण्यांच्या वस्तूपायीं दुर्मिळ यंत्र कायमचें मुकें होतें.

बदली ट्रान्झिस्टर निवडतांना जे प्रश्न विचारावे लागतात, ते आज कोष्टकें पाहून सुटतात. हा पदार्थ कोणता, विजेचा प्रवाह कोणत्या दिशेनें जाणार, तीन पायांपैकीं कोणता कोणाचा, काम किती वेगानें करावयाचें? परंतु एके काळीं या प्रश्नांना कोष्टक नव्हतें. १९४७ सालच्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील न्यू जर्सी प्रांतीं एका प्रयोगशाळेंत एक अत्यंत अबोल गृहस्थ याच प्रश्नांशीं झुंजत होते. त्यांचें नांव जॉन बार्डीन. भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक दोन वेळां मिळविणारा त्यांच्यावांचून दुसरा पुरुष अद्यापि झालेला नाहीं. तरीही आमच्या विद्यार्थ्यांस एडिसनचें नांव ठाऊक असतें व बार्डीनचें नसतें. म्हणून त्यांचें चरित्र येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बार्डीन यांचा जन्म २३ मे १९०८ रोजीं विस्कॉन्सिन संस्थानांतील मॅडिसन या शहरीं झाला. वडील चार्ल्स बार्डीन हे शरीररचनाशास्त्राचे प्राध्यापक असून तेथील विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयाचे पहिले प्रमुख होते. मुलाची गणितांतील गति पाहून त्याला तिसरींतून एकदम सातवीच्या वर्गांत बसविण्यांत आलें. बाराव्या वर्षीं मातेचें छत्र नाहींसें झालें. या आघातानें मुळांतच मितभाषी असलेला मुलगा अधिकच अंतर्मुख झाला असावा, असें आम्हांस वाटतें. पंधराव्या वर्षीं तो विद्यापीठांत दाखल झाला, आणि १९२८ सालीं विद्युत् अभियांत्रिकीची पदवी व पुढच्याच वर्षीं त्यावरील पदवी त्यानें संपादन केली.

ते दिवस मंदीचे होते. १९३० सालीं बार्डीन पिट्सबर्ग येथील गल्फ कंपनीच्या संशोधनशाळेंत नोकरीस लागले. तेथें काम काय, तर जमिनीवर उभें राहून चुंबकत्वाचीं व गुरुत्वाकर्षणाचीं सूक्ष्म मापें घ्यावयाचीं आणि खालीं कोठें खनिज तेल दडलेलें असेल याचें अनुमान बांधावयाचें. पृष्ठभागावर जें मोजतां येतें त्यावरून आंत न दिसणारें ओळखावयाचें, ही संवय त्यांना येथेंच लागली. बंद डबींतील ट्रान्झिस्टर न फोडतां मीटरच्या दोन टोंकांनीं त्याची जात ओळखणारा कारागीर याहून फारसें निराळें करीत नाहीं.

तीन वर्षांनीं ही बऱ्या पगाराची नोकरी सोडून ते प्रिन्स्टन येथें गणिती भौतिकशास्त्र शिकण्यास गेले. ऐन मंदींत असें पाऊल टाकण्यास धैर्यच पाहिजे. यूजीन विग्नर हे त्यांचे गुरु. धातूंतून इलेक्ट्रॉन बाहेर काढण्यास किती ऊर्जा लागते हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, व त्यावर १९३६ सालीं त्यांना डॉक्टरेट मिळाली. येथेंही प्रश्न पृष्ठभागाचाच होता, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. पुढें हार्वर्ड व मिनेसोटा येथें कांहीं वर्षें गेलीं. १९३८ सालीं जेन मॅक्सवेल यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. महायुद्धाच्या काळांत, १९४१ पासून १९४५ पर्यंत, चुंबकीय सुरुंगांपासून जहाजांचें रक्षण कसें करावें यासंबंधीं ते वॉशिंग्टन येथें आरमाराच्या प्रयोगशाळेंत काम करीत होते.

युद्ध संपतांच, १९४५ च्या ऑक्टोबरांत, ते बेल टेलिफोन कंपनीच्या मरे हिल येथील प्रयोगशाळेंत दाखल झाले. जागेची टंचाई असल्यामुळें त्यांना स्वतंत्र खोली मिळाली नाहीं. वॉल्टर ब्रॅटन व जेराल्ड पिअर्सन या दोन प्रयोगकर्त्यांच्या खोलींत त्यांचें मेज टाकण्यांत आलें. कधीं कधीं गैरसोयच मोठी सोय ठरते. ब्रॅटन हे बोलके, हातानें कुशल व रोखठोक. बार्डीन हे मितभाषी व गणितांत बुडालेले. दोघांची मैत्री जमली ती जन्मभर टिकली. त्या गटाचे प्रमुख विल्यम शॉकले हे होते. त्यांची बुद्धि तीव्र होती यांत शंका नाहीं. पण त्यांची महत्त्वाकांक्षा तिच्याहूनही तीव्र होती.

त्या काळीं टेलिफोनचा क्षीण झालेला आवाज वाढविण्यासाठीं निर्वात कांचेच्या नळ्या वापरीत. त्या तापत, वीज पुष्कळ खात आणि दिव्यांप्रमाणें जळून जात. त्यांच्या जागीं घन पदार्थाचें एखादें साधन बसवितां आलें तर पाहावें, हा बेल कंपनीचा हेतु होता. म्हणजे बदलीचाच प्रश्न, पण फार मोठ्या प्रमाणावरचा. सिलिकॉन व जर्मेनियम हे पदार्थ तांब्यासारखे वीज मुक्तपणें वाहूं देत नाहींत, किंवा कांचेसारखे अजिबात अडवीतही नाहींत. म्हणून त्यांना अर्धवाहक म्हणतात. अशा पदार्थाजवळ विद्युत्‌भारित पट्टी आणली तर त्यांतील प्रवाह कमीजास्त झाला पाहिजे, असें शॉकले यांचें गणित सांगत होतें. प्रयोग केला तों कांहींच होईना.

याचें कारण १९४६ सालीं बार्डीन यांनीं शोधून काढलें. अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन अडकून पडतात. ते जणूं ढाल होऊन बाहेरच्या विद्युत्‌क्षेत्रास आंत शिरूं देत नाहींत. ही उपपत्ति मांडतांच सगळ्या गटाचें लक्ष उपकरणावरून पृष्ठभागाकडे वळलें. यंत्र चालत नाहीं म्हणून भाग बदलीत सुटण्यापूर्वीं तें कां चालत नाहीं हें शोधावें, हा क्रम बार्डीन यांनीं कधींच सोडला नाहीं. दुरुस्तीच्या कामांत पुष्कळांचा येथेंच घात होतो. जळालेल्या जागीं नवा ट्रान्झिस्टर बसविला, परंतु ज्या दोषामुळें पहिला जळाला तो तसाच राहिला, म्हणजे नवाही त्याच वाटेनें जातो.

१९४७ च्या नोव्हेंबर महिन्यांत घटना वेगानें घडूं लागल्या. ब्रॅटन यांच्या सिलिकॉनच्या तुकड्यावर दंव सांचून मापें बिघडत होतीं. म्हणून त्यांनीं तो तुकडा द्रवांतच बुडविला, आणि आश्चर्य असें कीं, द्रवांतून विद्युत्‌दाब दिल्याबरोबर पृष्ठभागावरील ढाल भेदली गेली. या दाबाची सूचना रॉबर्ट गिबनी या रसायनतज्ज्ञाची होती. त्यानंतर द्रवाच्या थेंबांतून एक अणकुचीदार तार सिलिकॉनवर टेकवून पाहावी असें बार्डीन यांनीं सुचविलें. प्रवाह थोडासा वाढला.

८ डिसेंबर रोजीं बार्डीन यांनीं जी सूचना केली, ती आमच्या मतें या सर्व कथेचा मर्मबिंदु होय. सिलिकॉनच्या ऐवजीं जर्मेनियम घ्यावें, आणि तेंही वाटेल तें नव्हे, तर उलट दिशेनें मोठा दाब सहन करणारें, असें त्यांनीं सांगितलें. अशा जर्मेनियमचा अभ्यास युद्धकाळांत रडारच्या निमित्तानें पर्ड्यू विद्यापीठांत झाला होता. बदल केला, आणि शक्तीची वाढ एकदम तीनशें पटींवर गेली. पदार्थ दोन्ही अर्धवाहक, दिसण्यांतही फारसा फरक नाहीं. परंतु एक दाब सोसणारा व एक न सोसणारा. आज बदली निवडणारा जेव्हां कोष्टकांत कमाल विद्युत्‌दाबाचा रकाना प्रथम पाहतो, तेव्हां तो नकळत त्याच दिवसाचा प्रश्न विचारीत असतो.

तथापि एक अडचण उरली होती. द्रव मंद असल्यामुळें ही वाढ सेकंदास दहाहून कमी कंपनांपुरतीच मिळे, आणि मनुष्याच्या आवाजास तर शेंकडों, हजारों कंपनें लागतात. म्हणून द्रव काढून त्या जागीं ऑक्साइडचा पातळ थर वापरण्याचें ठरलें. ब्रॅटन यांनीं तुकडा धुतला. त्या धुण्यांत तो थरच विरघळून गेला व सोन्याचा ठिपका उघड्या जर्मेनियमवर टेकला. प्रयोग फसला असें वाटावें, तों वेगळाच परिणाम दिसूं लागला. सोन्यावर धन दाब ठेवला असतां जवळच्या दुसऱ्या टोंकांतील प्रवाह वाढत होता. तेव्हां दोन टोंकें शक्य तितकीं जवळ आणावीं, इंचाच्या एकदोन हजारांश अंतरावर, असा निष्कर्ष निघाला.

एवढ्या जवळ दोन तारा टेकवावयाच्या कशा? ब्रॅटन यांनीं प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख चिकटविला, त्रिकोणाच्या अणीवर वस्तऱ्याच्या पात्यानें तो अलगद चिरला, व स्प्रिंगनें ती अणी जर्मेनियमवर दाबून धरली. दिनांक १६ डिसेंबर १९४७. उपकरण पहिल्याच खेपेस चाललें. त्या दिवशीं सायंकाळीं घरीं आल्यावर बार्डीन यांनीं स्वयंपाकघरांत असलेल्या पत्नीस आज कांहींतरी शोध लागला एवढेंच सांगितलें. कामाविषयीं घरीं एक अक्षर न बोलणाऱ्या माणसाच्या तोंडीं एवढे शब्दही पुष्कळ होते. २३ डिसेंबरला वरिष्ठांसमोर त्यांतून मनुष्याचा आवाज वाढवून दाखविण्यांत आला. शक्ति सुमारें अठरा पट होत होती.

येथें थोडें विषयांतर करणें अवश्य आहे. ट्रान्झिस्टरचे तीन पाय एमिटर, बेस व कलेक्टर या नांवांनीं ओळखले जातात. आजच्या ट्रान्झिस्टरमध्यें बेस म्हणजे मधला अतिपातळ थर. मग त्याला बेस, म्हणजे बैठक, हें नांव कां? कारण बार्डीन व ब्रॅटन यांच्या उपकरणांत जर्मेनियमचा तुकडा ही खरोखरच बैठक होती व वरून दोन टोंकें तीवर टेकलेलीं होतीं. विद्युत्‌मंडलाच्या नकाशांत ट्रान्झिस्टरचें जें चिन्ह काढतात, एक सरळ रेघ व तीवर टेकलेल्या दोन तिरप्या रेघा, तेंही त्या पहिल्या उपकरणाचेंच चित्र आहे. उपकरण गेलें, चित्र राहिलें. मात्र कागदावरील चित्र पाहून प्रत्यक्ष पाय ओळखूं जाणारा हटकून फसतो. उदाहरणार्थ, २ एन २२२२ ही अत्यंत प्रसिद्ध जात घ्या. तिच्या प्लॅस्टिकच्या आवृत्तींपैकीं पी एन २२२२ व पी २ एन २२२२ ए यांच्या नांवांत फरक दिसतो तो एकदोन अक्षरांचा, परंतु एमिटर व कलेक्टर यांच्या जागा नेमक्या उलट आहेत.

१९४८ सालीं जॉन पिअर्स या सहकाऱ्यानें या साधनाचें ट्रान्झिस्टर असें नामकरण केलें, आणि ३० जून रोजीं न्यूयॉर्क येथें तें जगापुढें मांडण्यांत आलें. न्यूयॉर्क टाइम्स पत्रानें रेडिओविषयक वार्तांच्या सदरांत शेवटीं चार ओळी दिल्या. पुढें आमच्याकडील खेड्यापाड्यांत लहान रेडिओलाच लोक ट्रान्झिस्टर म्हणूं लागले, हें त्या बातमीदारास कोणी सांगितलें असतें तर त्याचा विश्वास बसला नसता!

आतां कटु भाग आला. हा शोध आपल्या हातून लागला नाहीं याचें शॉकले यांना अतोनात शल्य होतें. विद्युत्‌क्षेत्राची मूळ कल्पना आपली, सबब पेटंट आपल्या नांवें असावें, अशी त्यांची इच्छा होती. परंतु वकिलांनीं शोध करतां ज्यूलियस लिलिएनफेल्ड नामक गृहस्थास १९३० सालींच तशा कल्पनेचें पेटंट मिळाल्याचें आढळलें. तेव्हां पेटंटाचा अर्ज केवळ बार्डीन व ब्रॅटन यांच्या नांवें गेला, व १९५० च्या ऑक्टोबरांत तें मंजूर झालें. शॉकले यांनीं मात्र इरेस पेटून १९४८ च्या जानेवारींतच टेकलेल्या तारांऐवजीं एकाच स्फटिकांत तीन थर असलेल्या ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. ती बार्डीन यांच्या उपकरणाहून व्यवहारांत कितीतरी श्रेष्ठ ठरली, हें प्रामाणिकपणें सांगितलेंच पाहिजे. टेकलेल्या टोंकांचे ट्रान्झिस्टर एकासारखा एक होत नसत; आवाजही फार करीत. १९५१ च्या जुलैमध्यें थरांचा ट्रान्झिस्टर जाहीर झाला आणि पुढील युग त्याचें झालें.

परंतु त्या कामांत शॉकले यांनीं या दोघांस शिरकाव करूं दिला नाहीं. ज्यांनीं दार उघडलें त्यांनाच बाहेर उभें करण्यांत आलें. बार्डीन भांडले नाहींत. त्यांनीं वरिष्ठांस आपली अडचण लेखी कळविली, आणि १९५१ सालीं इलिनॉय विद्यापीठांतील प्राध्यापकाची जागा पत्करून ते अर्बाना या लहानशा गांवीं निघून गेले. एका मनुष्याच्या जागीं दुसरा नेमतां येतो, परंतु त्याच्या ठायींचे गुण तसेच मिळतील असें नाहीं. बेल प्रयोगशाळेस हें पुढें कळलेंच असेल.

थरांच्या ट्रान्झिस्टरपासून दोन जाती रूढ झाल्या. मध्यें एक प्रकारचा व दोन बाजूंस दुसऱ्या प्रकारचा पदार्थ. त्यांच्या क्रमावरून एन-पी-एन व पी-एन-पी. यांतील विद्युत्‌दाब परस्परविरुद्ध असल्यामुळें एकाच्या जागीं दुसरा कधींही चालत नाहीं. १९५४ सालीं सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर बनूं लागले व उष्णतेनें लवकर बिथरणारें जर्मेनियम हळूहळू मागें पडलें. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरमध्यें बेस व एमिटर यांमधील दाब मीटरवर सुमारें ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसतो, सिलिकॉनमध्यें ०.६ ते ०.७, एवढ्या एका मापावरून मुक्या डबीचें कूळ कळतें.

अंक वाचण्याचीही एक विद्या आहे. अमेरिकन अंक २ एन या अक्षरांनीं सुरू होतात व पुढील संख्येंत कांहींही अर्थ नसतो, ती केवळ नोंदणीची. युरोपीय पद्धतींत पहिलें अक्षर ए असल्यास जर्मेनियम, बी असल्यास सिलिकॉन, आणि दुसरें अक्षर कामाचें निदर्शक. म्हणून ए सी १२८ व बी सी १०७ यांचीं कुळें वाचतांच कळतात. जपानी कारखानदार २ एस ए व २ एस बी हीं नांवें पी-एन-पी जातीस व २ एस सी आणि २ एस डी हीं एन-पी-एन जातीस देत, परंतु डबीवर पहिलीं दोन अक्षरें गाळून नुसतें सी १८१५ असें छापीत. ह्यूलेट-पॅकार्डसारख्या कंपन्या तर स्वतःच्या कोठारांतील अंक छापीत. त्यांच्या १८५३ नें सुरू होणाऱ्या अंकांत पी-एन-पी व १८५४ नें सुरू होणाऱ्यांत एन-पी-एन असा संकेत असे. शिवाय ७८१४ सारखा चार आंकड्यांचा अंक बहुधा जातीचा नसून तारखेचा असतो, म्हणजे १९७८ सालचा चौदावा आठवडा. तो घेऊन दुकानें धुंडाळणाराची कींव करावी तितकी थोडी.

टर्मिनलमध्यें सर्वांत अधिक हाल होतात ते पडद्यावरील आडव्या रेषा आंखणाऱ्या ट्रान्झिस्टरचे. तो सेकंदास सुमारें १५,७०० वेळां चालू व बंद होतो, आणि प्रत्येक वेळीं बंद होतांना त्याच्यावर शेंकडों व्होल्टांचा ठोका बसतो. त्याच ठोक्यापासून ट्रान्सफॉर्मर पडद्याच्या नळीस लागणारे हजारों व्होल्ट निर्माण करतो. येथें प्रवाह सोसणारा पण मंद ट्रान्झिस्टर बसविला तर तो बंद होण्यास वेळ लावतो, तापतो व मरतो. कित्येकांच्या पोटांत एक डायोडही बसविलेला असतो. तो नसलेला ट्रान्झिस्टर लावल्यास बाकी सर्व मापें जुळूनही यंत्र बिघडतें. उलट, असा डायोड मीटरवर दिसला म्हणजे अननुभवी मनुष्य चांगल्या ट्रान्झिस्टरलाच फुटका समजतो. विजेच्या पुरवठ्यांत पुष्कळ वेळां २ एन ३०५५ हा जाड पोलादी टोपणाचा गडी असतो. ६० व्होल्ट व १५ अँपिअर ही त्याची मर्यादा. परंतु तो बनविण्याची रीत पुढें बदलली, जुना मंद व नवा चपळ निघाला, आणि अंक तोच राहिला. त्याचें टोपण हेंच कलेक्टर असल्यामुळें पत्र्यावर बसवितांना मध्यें अभ्रकाची चकती विसरूं नये.

आतां पुन्हा अर्बाना येथें जाऊं. बार्डीन यांचे तेथील पहिले शिष्य निक होलोन्याक यांनीं १९६२ सालीं डोळ्यांस दिसणारा लाल प्रकाश देणारा डायोड बनविला. टर्मिनलांच्या कळफलकांवर जे लहान लाल दिवे लागत ते त्याचेच वंशज. त्याच विद्यापीठांत १९६० पासून प्लेटो नांवाची संगणकाद्वारें शिक्षण देण्याची योजना चालू होती; तिच्यासाठीं डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो व रॉबर्ट विल्सन यांनीं १९६४ सालीं नारिंगी प्रकाशाचा चपटा पडदा शोधून काढला. म्हणजे बार्डीन ज्या आवारांत शिकवीत होते तेथेंच टर्मिनलाची एक नवी जात जन्मास आली होती. ते स्वतः मात्र या वेळीं दुसऱ्याच ध्यासांत होते.

कांहीं धातू अतिशय थंड केले असतां त्यांतील विजेचा अडथळा पूर्णपणें नाहींसा होतो, हें डच शास्त्रज्ञ कॅमर्लिंग ओनेस यांस १९११ सालीं आढळलें होतें. असें कां होतें याचें उत्तर पुढें चाळीस वर्षें थोरथोरांस सांपडलें नाहीं. बार्डीन यांनीं लिऑन कूपर व रॉबर्ट श्रीफर या दोन तरुणांस हातीं धरून १९५७ सालीं हें कोडें सोडविलें. स्फटिकाच्या कंपनांमुळें इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळतात व त्या एकविचारानें वाहतात, हें त्याचें सार.

यापूर्वींच, १९५६ च्या नोव्हेंबरांत, न्याहारीसाठीं अंडीं तळीत असतां पहिल्या नोबेल पारितोषिकाची बातमी त्यांनीं रेडिओवर ऐकली आणि तवा हातांतून खालीं पडला. पारितोषिक शॉकले व ब्रॅटन यांच्यासह होतें. समारंभास त्यांनीं आपल्या तिन्ही मुलांना आणलें नाहीं म्हणून स्वीडनच्या राजानें थट्टेनें दोष दिला, तेव्हां पुढील वेळीं सर्वांस आणीन असें त्यांनीं आश्वासन दिलें. ऐकणारे हंसले असतील. १९७२ सालीं कूपर व श्रीफर यांच्यासह दुसरें पारितोषिक मिळालें, आणि त्यांनीं तें आश्वासन अक्षरशः पाळलें. आपल्याला एकदां मान मिळाला असल्यामुळें या तरुणांचा हक्क तर डावलला जाणार नाहीं ना, ही काळजी मधल्या काळांत त्यांना लागून राहिली होती. शॉकले यांच्या वागणुकीशीं याची तुलना वाचकांनींच करावी. याच दुसऱ्या पारितोषिकाच्या गडबडींत त्यांच्या मोटारखान्याचें ट्रान्झिस्टरवर चालणारें दार उघडेना व त्यांना उशीर झाला, अशी आठवण सांगतात. ट्रान्झिस्टरनें आपल्या जनकाचीही भीड धरली नाहीं!

त्यांचा आवाज इतका हळू असे कीं, विद्यार्थी त्यांना पुटपुटणारा जॉन म्हणत. प्रश्न विचारला तर ते कित्येक क्षण गप्प राहत. नवख्यास वाटे कीं ऐकूंच गेलें नाहीं. गोल्फचा मात्र त्यांना मोठा नाद होता. त्यांच्याबरोबर वर्षानुवर्षें खेळणाऱ्या एका गृहस्थास ते काय काम करतात हेंच ठाऊक नव्हतें, अशीही एक कथा आहे. व्याख्यानांत दाखविण्यासाठीं त्यांच्यापाशीं एक छोटी संगीतपेटी असे. तीमध्यें सुरुवातीच्या काळांतील, टेकलेल्या टोंकांचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर बसविलेले होते. बटण दाबतांच, नळीप्रमाणें तापण्याची वाट न पाहतां, ती तत्क्षणीं गाऊं लागे. ती पेटी इलिनॉय विद्यापीठानें जपून ठेविली आहे.

१९७५ सालीं ते निवृत्त झाले, पण संशोधन सुटलें नाहीं. १९९० सालीं जपानच्या सोनी कंपनीनें, जिचा उत्कर्ष ट्रान्झिस्टर रेडिओपासून झाला, इलिनॉय विद्यापीठांत त्यांच्या नांवें प्राध्यापकाचें आसन स्थापिलें. त्यावर प्रथम होलोन्याक यांचीच नेमणूक झाली. पुढच्याच वर्षीं उपचारासाठीं बोस्टन येथें गेले असतां ३० जानेवारी १९९१ रोजीं बार्डीन यांचें देहावसान झालें. त्या वेळीं त्यांचें वय ८२ वर्षांचें होतें. ब्रॅटन १९८७ सालीं व शॉकले १९८९ सालीं आधींच निवर्तले होते. बार्डीन यांचा देह त्यांच्या जन्मगांवीं, मॅडिसन येथील स्मशानभूमींत, विसांवला आहे.